नवा स्मार्टफोन घेतलात? ॲप टाकण्याआधी ही कामे उरका

नवा फोन हातात आला की आधी कव्हर, मग स्क्रीनगार्ड आणि मग जुन्या फोनमधले सगळे जसेच्या तसे नव्यात. बहुतेकांची सुरुवात अशीच होते. पण आपल्या तरुणांच्या, विशेषतः कार्यकर्त्यांच्या फोनमध्ये फक्त त्यांचे स्वतःचे काही नसते. स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी वस्तीतल्या मुलांनी पाठवलेले जातीचे दाखले असतात. एखाद्या आजीच्या पेन्शनसाठी काढलेला आधारकार्डाचा फोटो असतो. विहाराच्या वर्गणीचा हिशेब असतो आणि ग्रुपमधल्या दोनशे-तीनशे लोकांचे नंबरही असतात. हा फोन गेला तर नुकसान फक्त पंधरा हजारांचे होत नाही. म्हणून नवा फोन लावतानाच एक प्रश्न विचारा: उद्या हा चोरीला गेला तर फोनच्या किमतीपलीकडे आणखी काय जाईल?

सुरुवात खोक्यापासून करा. फोनच्या डायलरवर *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसेल. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर दिसतील. खोक्यावरच्या नंबरशी ते जुळतात का ते पाहा आणि घरच्या वहीत लिहून ठेवा. फोनमध्येच लिहून ठेवण्यात काही अर्थ नाही, हे सांगायची गरज नसावी. खोके आणि पावती टाकून देऊ नका. फोन सेकंड हँड असेल तर पैसे देण्याआधी केवायएम लिहून, एक जागा सोडून आयएमईआय टाका आणि १४४२२ वर एसएमएस पाठवा. तो नंबर ब्लॅकलिस्टमध्ये असेल तर उत्तरात कळते. विकणाऱ्याने आपले गुगल खाते काढून फोन रिसेट केला आहे का, हेही समोरच बघा. नाहीतर फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसतो.

आता लॉक. चार आकडी पिन नको, सहा आकडी ठेवा. आणि मित्रांनो, १४०४, १८९१, १९५६ हे आकडे आपल्याला प्रिय आहेत, पण नेमके म्हणूनच ते पिन म्हणून निरुपयोगी आहेत. आपल्याला ओळखणाऱ्या कोणालाही ते पहिल्या फटक्यात सुचतील. बोटाचा ठसा सोयीसाठी जरूर ठेवा, पण त्याच्यामागचा पिन पक्का हवा. त्याच वेळी सेटिंगमध्ये जाऊन लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशनचा मजकूर दिसणार नाही अशी सोय करा. फोन बंद असतानाही स्क्रीनवर ओटीपी वाचता येत असेल तर लॉकचा उपयोग निम्मा होतो.

सिमचा पिन मात्र फार थोडे लोक लावतात. फोनला कितीही भक्कम लॉक असले तरी चोर सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. सिम पिन लावला की दुसऱ्या फोनमध्ये ते सिम पिनशिवाय चालत नाही. फोनच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये ही सोय असते. पण सुरुवातीचा पिन कंपनीगणिक वेगळा असतो. तो कस्टमर केअरला विचारूनच टाका, अंदाजाने नको. तीनदा चुकला की सिम अडकते आणि कंपनीकडून पीयूके कोड घ्यावा लागतो.

गुगल खात्याकडे जरा थांबून बघू या. घरातल्या वडीलधाऱ्यांचे खाते बऱ्याचदा मोबाईलच्या दुकानदारानेच काढून दिलेले असते. पासवर्ड त्याला माहीत आणि रिकव्हरीचा नंबरही त्याचाच. अनेकजण तर प्रत्येक नव्या फोनला नवे खाते काढतात आणि जुने कॉन्टॅक्ट, फोटो मागे सोडून देतात. तसे करू नका. जुने खाते वापरा, रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल आपलाच आहे याची खात्री करा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. गुगल त्यासोबत आठ आकडी दहा बॅकअप कोड देते. ते कागदावर उतरवून कपाटात ठेवा. फोन आणि सिम दोन्ही गेले तर खात्यात शिरायला तेच कोड उपयोगी पडतात. नवा नंबर सेव्ह करताना तो सिमवर नव्हे, गुगल खात्यात जातोय ना, तेही बघा.

व्हॉट्सॲपचे टू-स्टेप व्हेरिफिकेशन वेगळे असते. सेटिंगमध्ये अकाउंटखाली जाऊन सहा आकडी पिन ठेवा. मग कोणी गोड बोलून तुमच्याकडून ओटीपी काढून घेतला तरी त्याला पिनशिवाय तुमचे खाते उघडता येणार नाही. चॅटचा बॅकअप हवा असेल तर त्याला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन चालू करा. ते आपोआप लागत नाही. हा बॅकअप गुगलच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबीतच मोजला जातो, म्हणून गुड मॉर्निंगचे व्हिडिओ आधी उडवा. ज्या ग्रुपचे तुम्ही एकटेच ॲडमिन आहात, तिथे आजच विश्वासातला दुसरा ॲडमिन नेमा. लोकांच्या दाखल्यांचे फोटो काम झाले की गॅलरीतून आणि चॅटमधूनही काढून टाका. आधार मागायचेच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेले मास्क्ड आधार चालते का ते आधी पाहा.

लग्नपत्रिका, वाहनाचे चलान, योजनेची लाभार्थी यादी अशा नावाने एपीके फाइल आली तर उघडायची नाही. पाठवणारा ओळखीचा असला तरी नाही, कारण बहुधा त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो आणि फाइल त्याच्या नावाने दुसराच कोणी पाठवत असतो. पत्रिका फोटोत येते, पीडीएफमध्ये येते. ती ॲप म्हणून येत नाही.

एवढे झाले की फोन खरोखर कामाला लावा. विद्यार्थ्यांनी डिजिलॉकर उघडावे. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका तिथे मिळतात आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील नियमांनुसार ‘इश्यूड’ विभागातला कागद मूळ प्रतीच्या बरोबरीचा मानला जातो. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेल्या कागदाला तो मान नाही, हा फरक फॉर्म भरताना लक्षात ठेवा. कागद स्कॅन करायला वेगळे ॲप लागत नाही. गुगल ड्राइव्हमध्येच स्कॅनची सोय आहे. कीबोर्डमध्ये मराठी जोडा, माइक दाबून बोला, निवेदनाचा कच्चा मसुदा टाइप न करता तयार होतो. नंतर शुद्धलेखन मात्र तपासा, कारण तो नावांची वाट लावतो. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत पीडीएफमध्ये आहेत. वायफाय मिळेल तेव्हा उतरवून ठेवले तर प्रवासात नेटशिवाय वाचता येतात.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाताना त्या शहराचा ऑफलाइन नकाशा आधीच उतरवा. लाखोंच्या गर्दीत नेट रेंगाळते आणि सोबतचे लोक चुकतात. घरचे दोन नंबर कागदावर लिहून लहान मुलांच्या आणि ज्येष्ठांच्या खिशात ठेवा.

आणि तरीही फोन गेलाच तर क्रम असा ठेवा. दुसऱ्याच्या फोनवरून लगेच गुगलचे फाइंड हब उघडा, फोन कुठे आहे ते पाहा आणि लॉक करा. लगोलग कंपनीला सांगून सिम बंद करा, बँकेला कळवा. खात्यातून पैसे गेले असतील तर तासाभराचाही उशीर न करता १९३० वर फोन लावा. पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत घ्या आणि त्याच नंबरचे दुसरे सिम काढा. मग संचार साथी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करा. तिथे तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि ओटीपीसाठी चालू नंबर लागतो. नंबर ब्लॉक झाला की तो हँडसेट देशातल्या कोणत्याही नेटवर्कवर चालत नाही. पुढे फोन सापडला तर तिथूनच अनब्लॉकही करता येतो.

राहिला जुना फोन. तो धाकट्या भावंडाला देणार असाल तर आधी बँकेची आणि यूपीआयची ॲप नव्या फोनवर नीट चालतात ना, ते पाहा. मग जुन्यातले गुगल खाते काढा, मेमरी कार्ड काढून घ्या, फॅक्टरी रिसेट करा आणि त्यानंतरच तो त्याच्या हातात द्या.