रक्तातील प्रथिनांचा परासरण दाब

रक्तद्रवाचा एकूण परासरण दाब पाऱ्याच्या सुमारे ५,५०० मिलिमीटर इतका, म्हणजे सात वातावरणांहून अधिक असतो. त्यात प्रथिनांचा वाटा जेमतेम २५ मिलिमीटर. तरीही रक्तातले पाणी वाहिन्यांत टिकते ते मुख्यतः या २५ मुळे. कारण क्षार केशवाहिन्यांच्या भिंतीतून सहज आरपार जातात, प्रथिने अडतात. १८९६ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी हे दाखवून दिले.

हा दाब वर्गातही काढता येईल. व्हॅन्ट हॉफ यांचे सूत्र असे :

दाब = संहती × वायुस्थिरांक × केवल तापमान

शरीराचे तापमान ३१० केल्व्हिन. या तापमानाला लिटरमागे १ मिलिमोल रेणूंचा दाब सुमारे १९.३ मिलिमीटर भरतो. आता एक लिटर रक्तद्रव घेऊ.

अल्ब्युमिन : ४० ग्रॅम, रेणुभार ६६,५००, म्हणजे ०.६ मिलिमोल.
ग्लोब्युलिने : ३० ग्रॅम, सरासरी रेणुभार दीड लाख धरू, म्हणजे ०.२ मिलिमोल.

एकूण ०.८ × १९.३ = १५.४ मिलिमीटर.

मग उरलेले जवळजवळ १० मिलिमीटर कुठून आले? प्रथिनांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे सोडियमचे जादा आयन वाहिनीतच राहतात. यालाच डॉनन परिणाम म्हणतात. शिवाय हे अवाढव्य रेणू बरीच जागा व्यापतात, आणि सूत्र तर विरल द्रावणासाठी आहे.

विद्यार्थ्यांना अल्ब्युमिन २० ग्रॅम धरून हेच गणित पुन्हा करायला सांगावे. उत्तर १० च्याही खाली येते. मूत्रपिंडाच्या काही विकारांत अल्ब्युमिन लघवीवाटे निघून जाते. अशा रुग्णाच्या पायांवर सूज का येते, याचे एक कारण त्यांना या आकड्यातच सापडेल.