पंगतीला दाखला नको

मी कविता लिहिणारा माणूस. डाळ-तांदळाचे हिशेब हा काही माझा प्रांत नव्हे. तरीही आज मला शाळेतल्या खिचडीविषयी बोलायचं आहे, कारण या खिचडीशी माझी एक जुनी बाकी आहे.

माझं बालपण तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात गेलं. १९७२ च्या दुष्काळात जी सुकडी वाटली गेली, ती पुढेही काही वर्षं आमच्या शाळेत येत होती. मी दुसरीत असताना एके दिवशी पोतं कमी आलं. गुरुजी म्हणाले, "ज्यांच्या घरी आज भाकरी नाही, त्यांनीच उभं राहा." माझ्या घरी त्या दिवशी भाकरी नव्हती. अम्मीनं सकाळी कण्यांची पातळ पेज दिली होती, तीही अर्धी वाटी. पण मी उभा राहिलो नाही. माझ्या शेजारचा मित्र उभा राहिला. त्याला ओंजळभर सुकडी मिळाली आणि शाळा सुटेपर्यंत 'सुकडीवाला' हे नावही मिळालं. पुढे सुकडी वाटायच्या दिवशी तो शाळेत येईनासा झाला.

गुरुजी वाईट नव्हते. पोतं कमी होतं आणि त्यांना न्याय करायचा होता. पण भुकेल्या मुलाला आधी 'मी भुकेला आहे' असं चारचौघांत सांगायला लावलं, की काही मुलं उपाशी राहणं पसंत करतात. मी त्यांतला एक होतो.

आज जिल्हा परिषदेच्या शाळेत असं कोणी विचारत नाही. हे आपोआप झालेलं नाही. तमिळनाडूत कामराज मुख्यमंत्री असताना शाळेत जेवण सुरू झालं. १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी ते फार मोठं केलं. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारनं देशभरासाठी योजना आणली. त्या वेळी आपल्याकडे मुलांना शिजवलेलं अन्न मिळत नसे. महिन्याला तीन किलो तांदूळ मिळत आणि त्यासाठी ऐंशी टक्के हजेरी लागे. पिशवी घेऊन रांगेत उभी राहिलेली पोरं अनेकांना आठवत असतील.

तीन किलो तांदूळ घरी गेला, की तो घराचा होतो. घरात सात तोंडं असतील, तर सात वाटे पडतात. अडचण असेल, तर दुकानात विकलाही जातो. ते चूक आहे, असं मी म्हणत नाही. गरिबाच्या घरात धान्य असंच फिरतं. पण शाळेत शिजलेली खिचडी मात्र त्या मुलाच्याच पोटात जाते. कच्चं धान्य आणि शिजलेलं अन्न यांत हा एवढा फरक आहे.

तो फरक सर्वोच्च न्यायालयानं ओळखला. २००१ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था न्यायालयात गेली. सरकारी गोदामं धान्यानं भरलेली आणि माणसं उपाशी, हे कसं, असा तिचा सवाल होता. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयानं आदेश दिला की, सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण द्या. 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा. २००४ च्या आदेशात न्यायालयानं आणखी एक गोष्ट सांगितली. स्वयंपाकासाठी माणसं नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना प्राधान्य द्या. कुणाच्या हातचं खायचं नाही, हे ठरवण्यात पिढ्यान् पिढ्या गेलेल्या आपल्या गावांना हा आदेश सोपा नव्हता. पण पाटलाचं पोर आणि मजुराचं पोर एकाच पातेल्यातलं खाऊ लागलं, ही लहान घटना नाही.

२००८ पासून सहावी ते आठवीचे वर्गही योजनेत आले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं हे जेवण मुलांचा हक्क ठरवला. २०२१ मध्ये योजनेचं नाव पीएम पोषण झालं. गावाच्या तोंडी ती अजून खिचडीच आहे.

नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ आणि पन्नास ग्रॅम भाजी असं ताट मिळायला हवं. त्यातून ४५० कॅलरी आणि बारा ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा हिशेब आहे. वरच्या वर्गांना याच्या दीडपट जिन्नस. धान्य केंद्र सरकार देतं. डाळ, तेल, भाजी, मसाला आणि जळण यांचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात. मे २०२५ मध्ये केंद्रानं हा दर प्राथमिकसाठी ताटामागे ६ रुपये ७८ पैसे आणि वरच्या वर्गांसाठी १० रुपये १७ पैसे केला. या पैशांत बाजारात आज काय येतं, ते आपण जाणताच.

काही सुशिक्षित मित्र विचारतात, "ज्यांची ऐपत आहे, त्यांच्या मुलांना फुकट कशाला? गरिबांनाच द्या ना!" वरवर पटणारा हा प्रश्न आहे. पण गरीब कोण, हे ठरवणार कसं? त्यासाठी दाखला लागेल. आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. दिवाळीच्या आगेमागे भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतली कितीतरी जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पोरं आजीजवळ राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. त्या पोरासाठी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला कोण आणणार? ज्याला ताटाची सर्वांत जास्त गरज, त्याचाच कागद सर्वांत आधी अपुरा पडेल. आणि कागद मिळाला, तरी वर्गात पुन्हा तेच होईल. काही मुलं उभी राहतील, बाकीची पाहतील.

आमच्या गल्लीत मोहरमला खिचड्याची देग चढायची. भांडं घेऊन येणाऱ्याला "तुझ्या घरी काय शिजलंय?" असं कोणी विचारत नसे. तालेवाराच्या घरूनही भांडं यायचं आणि त्याच्या भांड्यामुळे गरिबाचं भांडं लपून जायचं. सप्त्याच्या महाप्रसादाची पंगतही अशीच असते. फिनलंडसारख्या देशात १९४८ पासून सगळ्या शाळकरी मुलांना जेवण मोफत मिळतं. त्यामागचं शहाणपणही यापेक्षा फार वेगळं नसावं.

मागे एका शाळेत कविता वाचायला गेलो होतो. दुपारी मुलांच्या पंगतीत बसलो. खिचडी वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सर, पोरं सोमवारी लई खातेत बघा." मला आधी कळलं नाही. मग कळलं आणि घास अडकला. रविवारी शाळा बंद असते.

आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्याला केळं, असा निर्णय राज्यानं नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि लोकसहभागातून जमवा, असं सांगितलं. ज्या गावात लोकच कारखान्याच्या फडात असतात, तिथे सहभाग कुणाचा?

त्याच दुपारी ओट्याच्या टोकाला एक मुलगी उभी होती. धाकट्या भावाचं ताट धुऊन देत होती. मी म्हटलं, "तूही बस की." ती हसली आणि मान हलवली. मावशी म्हणाल्या, "ती नववीत गेली सर. तिचं आता नाव नाही." कायद्याची पंगत आठवीला संपते. चौदा-पंधरा वर्षांचं वाढतं वय, घरी आई-बाप नाहीत, आणि याच वयात आपल्याकडे मुलीची शाळा सुटते, लग्नाची बोलणी सुरू होतात. दुपारच्या एका ताटानं हे सारं थांबेल, असा माझा दावा नाही. पण शाळेत येण्याचं एक कारण आपण तिच्याकडून नेमकं त्याच वर्षी काढून घेतो, एवढं मात्र खरं. ही पंगत बारावीपर्यंत जायला हवी, असं मला वाटतं.

पातेल्याच्या तळाशी थोडी खिचडी उरली होती. मावशींनी ती एका ताटात काढली आणि काही न बोलता त्या मुलीपुढे ठेवली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्यासारखा पाहुणा समोर असताना खावं की नाही, असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होता. तो प्रश्न मी ओळखला. मी पाठ फिरवून फळ्याकडे पाहत राहिलो.