लुमेन : दिव्यातला आणि कापसातला

दिवा घ्यायला गेलो की आपल्यापैकी बहुतेकजण अजूनही एकच प्रश्न विचारतात : किती वॅटचा? आमच्या वालिदसाहेबांच्या काळी हा प्रश्न बरोबर होता. पिवळा बल्ब सगळीकडे सारखाच असे. ६० वॅटचा म्हटला की उजेड किती पडणार ते ठाऊक असे. आता तो हिशेब राहिला नाही. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. तो उजेड किती देतो हे डबीवर वेगळे छापलेले असते, आणि त्या मापाचे नाव लुमेन. हा शब्द अर्धवट समजल्यामुळे आम्ही एकदा नुकसान सोसले. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांवर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

२०१९ साली आम्ही दुकानातल्या जुन्या ट्यूब काढून एलईडी बसवल्या. लाइटवाल्याने दोन प्रकारचे दिवे दाखवले. एकावर लुमेन जास्त आणि दाम कमी. व्यापारी माणूस दुसरे काय घेणार? दुकान झगमगले, आम्ही खूश झालो. महिनाभराने जवळच्या गावचे एक गिऱ्हाईक लग्नासाठी मरून रंगाचे २१ सूटपीस आणि त्यांवरच्या ओढण्या घेऊन गेले. आमच्या मुलाने ओढणी पिसावर ठेवून शेड मिळवून दाखवली, आम्हीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाठोडे घेऊन दारात उभे. "भाई, जरा बाहेर उन्हात धरून बघा," एवढेच म्हणाले. उन्हात पीस मरून होता आणि ओढणी कथ्थई. त्यांनी आम्हाला लबाड म्हटले नाही, पण चेहऱ्यावर ते दिसत होते. पैसे परत केले. ते गिऱ्हाईक मात्र पुन्हा आले नाही.

मग आम्ही या शब्दाच्या मागे लागलो. लुमेन हा शब्द लॅटिन भाषेचा. त्याचा अर्थ उजेड. आणि उजेड आत येतो ती खिडकी किंवा भोक, असाही. उर्दू शाळेत शिकलेल्या वाचकांना 'ज़ौ' आणि 'नूर' हे दोन शब्द माहीत आहेत. इब्न सिना यांनी या दोहोंत फरक केला होता : सूर्याची किंवा आगीची स्वतःची ती ज़ौ, आणि तिच्यापासून निघून वस्तूंवर पडतो तो नूर. बाराव्या शतकात स्पेनमध्ये त्यांच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले, तेव्हा ज़ौसाठी लुक्स आणि नूरसाठी लुमेन हे शब्द घातले गेले. पुढे १८९४ साली फ्रान्सचे आंद्रे ब्लाँडेल यांनी दिव्यातून बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या मापाला लुमेन हे नाव सुचवले.

माप समजायला सोपे आहे. एक साधी मेणबत्ती चहूकडे मिळून सुमारे १२ लुमेन उजेड देते. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० लुमेन देत असे. आजचा एलईडी दर वॅटला साधारण १०० लुमेन देतो. म्हणजे ७ वॅटचा एलईडी ६० वॅटच्या बल्बचे काम करतो. तेव्हा दोन दिव्यांची तुलना करताना लुमेनला वॅटने भागावे. ज्याचा भागाकार मोठा, त्याचे विजेचे बिल लहान.

इथवर आम्हालाही कळले होते. कळले नव्हते ते पुढचे. लुमेन हे माप माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने केलेले आहे. आपल्या डोळ्याला हिरवट उजेड सर्वांत जास्त जाणवतो, लाल आणि निळा कमी. १९७९ साली जगभरासाठी जे प्रमाण ठरले त्यात एका ठरावीक हिरव्या प्रकाशाच्या १ वॅटला ६८३ लुमेन धरले आहेत. तेवढ्याच गडद लाल प्रकाशाला याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास मिळतात. म्हणजे दिव्यातला लाल भाग कमी केला तर डबीवरचे लुमेन वाढवणे सोपे जाते! रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियम दिवे आठवा. लुमेन भरपूर, पण त्यांच्या उजेडात लाल गाडी कोणती आणि तपकिरी कोणती हे ओळखू येत नसे. आमच्या दुकानात तेच घडले होते, फक्त थोड्या प्रमाणात. लुमेन उजेड किती ते सांगतो. त्यात रंग खरे दिसतील की नाही, ते सांगत नाही.

त्यासाठी डबीवर दुसरा आकडा पाहावा लागतो, त्याला सीआरआय म्हणतात. तो १०० पैकी असतो. जुन्या पिवळ्या बल्बचा जवळजवळ १००, बाजारातल्या साध्या एलईडीचा ८०. कापड, रंग, भरतकाम, चुडी यांच्या धंद्यात ९० च्या खाली जाऊ नये, असे आमचे अनुभवाअंती मत आहे. त्यातही एक खोच आहे. हा आकडा आठ फिक्या रंगांच्या सरासरीवर काढतात, गडद लाल त्यात येतच नाही. त्याचा आकडा वेगळा असतो, त्याला आर-९ म्हणतात. लग्नसराईचा माल म्हणजे लाल, मरून, राणी. तेव्हा दुकानदाराला आर-९ जरूर विचारावा.

आता गंमत अशी की लुमेन आपल्या मालातही आहे. कापसाचा तंतू बोंडात वाढत असतो तेव्हा तो बारीक नळीसारखा असतो. त्या नळीच्या पोकळीलाही लुमेनच म्हणतात; भोक या जुन्या अर्थावरून. बोंड उघडून तंतू वाळला की पोकळी दबते आणि तंतू पिळलेल्या फितीसारखा होतो. १८५० साली इंग्लंडच्या जॉन मर्सर यांनी कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. त्यात तंतू फुगून गोल होतो आणि पोकळी जवळजवळ मिटते. पुढे हॉरेस लो यांनी कापड ताणून धरून हीच प्रक्रिया केली, तेव्हा त्याला चमक आली. आपण ज्याला मर्सराइज्ड म्हणतो तो हाच माल. तो रंगही जास्त पितो. उलट, न पिकलेल्या कापसाच्या तंतूची भिंत पातळ आणि पोकळी मोठी राहते. तो रंग नीट धरत नाही आणि रंगवलेल्या थानावर पांढुरके ठिपके उठतात. अशा वेळी रंगाऱ्याला बोल लावण्याआधी कापूस कसा होता ते विचारावे. दिव्यात लुमेन जास्त म्हणजे उजेड जास्त. तंतूत लुमेन मोठा म्हणजे रंग कच्चा.

अड्ड्यावर बसणाऱ्या जरीकाम-भरतकामाच्या कारागिरांसाठी एक गोष्ट. कामावर उजेड किती पडतो याचे माप लक्स. एका चौरस मीटरवर पडलेले लुमेन म्हणजे लक्स. छताचा बल्ब अड्ड्यापासून ६ फुटांवर असेल आणि तो ३ फुटांवर आणला, तर लुमेन तेवढेच राहतात पण खाली कामावरचा उजेड जवळजवळ चौपट होतो. जास्त वॅटचा दिवा घेण्याआधी दोरी लांब करून पाहावी. फक्त दिवा थेट डोळ्यात येणार नाही इतके सांभाळावे. कारागिराचे डोळे हेच त्याचे भांडवल आहे.

आम्ही ते दिवे काढून टाकले. नवे महाग पडले आणि लुमेनही थोडे कमी आहेत. शिवाय दाराजवळ एक टेबल मोकळे ठेवले आहे. शेड मिळवायची असेल तर माल तिथे दिवसाच्या उजेडात नेऊन दाखवायचा, अशी मुलाला सक्त ताकीद आहे. आपण मीटरपट्टी खरी ठेवतो, तराजू खरा ठेवतो. ज्या उजेडात गिऱ्हाईक माल पारखते, तो उजेडही खरा ठेवणे हा त्याच व्यवहाराचा भाग होय.