वज्रेश्वरीची टेकडी आणि तिच्या पायथ्याचे ऊन पाणी

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या परिसरात, वज्रेश्वरी देवीचे मंदिर एका लहानशा टेकडीवर उभे आहे. 52 दगडी पायऱ्या चढून वर गेले की भोवताली डोंगरांचे कडे दिसते. मंदिराचा आवार किल्ल्यासारखा तटबंदीने बांधलेला आहे. वसई पोर्तुगीजांकडून जिंकता यावी म्हणून चिमाजी आप्पांनी देवीला नवस केला, 1739 च्या मे महिन्यात वसई मराठ्यांच्या हाती आली आणि नवसाप्रमाणे मंदिर उभारले गेले, असे परंपरा सांगते.

ही टेकडी म्हणजे ज्वालामुखीचे मुख होय, असेही सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचे थर थिजून दख्खनचा काळा पाषाण झाला. या परिसराचा खडक त्याच कुळातील आहे. मात्र तो अग्नी केव्हाच विझला. मग अकलोली व गणेशपुरी येथील कुंडांत ऊन पाणी येते कोठून?

उत्तर पावसात आहे. डोंगरावर पडलेले पाणी भेगांतून खोल झिरपते. जमिनीच्या पोटात दर किलोमीटरला तापमान साधारणपणे 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढते. तेथे तापलेले पाणी खडकातील क्षार विरघळवीत दुसऱ्या भेगेवाटे वर येते. राक्षसांच्या रक्ताने ही कुंडे तापली, ही लोककथा जनमनात आहे आणि ती राहावीही. पण कुंडांच्या रक्षणाचा विचार करताना भेगांकडेच पाहावे लागते.

अशा झऱ्यांची ओळ पालघरमधील सातिवलीपासून रत्नागिरी जिल्ह्यातील तुरळ व राजापूरपर्यंत गेली आहे. 2014 मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले. खडकातील भेगांना ती सीमा ठाऊक नाही. म्हणूनच दगडखाणीतील सुरुंग किंवा कुंडांजवळ घेतलेली खोल विंधण विहीर हा एकट्या जमीनमालकाचा प्रश्न राहत नाही. पाण्याची वाट एकदा बदलली, तर ती पूर्ववत करण्याचा खात्रीचा उपाय नाही. ग्रामपंचायतीने निदान एवढे करावे: प्रत्येक कुंडाचे तापमान व पातळी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर मोजून नोंदवहीत लिहावी. शाळेतील विद्यार्थीही शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम करू शकतील; त्यास एक तापमापक आणि एक मोजपट्टी पुरे.