जुन्या तबकड्यांची ओळख

लाखेच्या जुन्या तबकडीवर गवयाचें नांव छापलेलें असलें म्हणजे तिची ओळख पटली, असा आमचाही प्रथम समज होता. परंतु ऑपेरा नामक इटालियन संगीतनाटकांचा विख्यात गवई एन्रिको कारूसो याचेंच उदाहरण पाहा. एप्रिल १९०२ मध्यें मिलान येथील एका हॉटेलांत फ्रेड गेसबर्ग यानें त्याचीं दहा गाणीं मुद्रित केलीं. (हाच गेसबर्ग त्याच वर्षाअखेरीस कलकत्त्यास येऊन गौहर जान हिचें गाणें मुद्रित करून गेला.) त्यांपैकीं 'आयडा' नाटकांतील पद कारूसोनें त्याच वर्षीं पुन्हा गाइलें, व कंपनीनें नव्या मुद्रिकेसही जुनाच यादी-क्रमांक दिला! तेव्हां चिठ्ठीवर विसंबून चालत नाहीं. चिठ्ठीलगत लाखेंतच उमटलेला सांच्याचा क्रमांक तिरप्या उजेडांत भिंगानें वाचावा. तो प्रत्येक गायनास निराळा असतो. एकच बाजू कोरलेली असणें हीही जुनेपणाची खूण खरी. पण जुने सांचे पुढें कैक वर्षें वापरले जात, म्हणून तेवढ्यावर भिस्त नको.

खरा घोटाळा वेगाचा. त्या काळीं मिनिटास ७८ फेरे हा नियम स्थिरावला नव्हता. ७० फेऱ्यांनीं मुद्रित झालेली तबकडी ७८ वर लावली, कीं सूर जवळजवळ दोन पट्ट्या चढतो व भारदस्त कंठ पोरकट भासतो. असें गाणें ऐकून बिचाऱ्या गवयास नांवें ठेवणाऱ्यांत आम्हीही होतों! छापील स्वरलिपीवरून पेटीचा सूर धरावा व वेग हळूहळू उतरवावा. मात्र कित्येक गवई सोयीसाठीं पट्टी बदलीत. म्हणून कंठांतील कंप स्वाभाविक वाटूं लागतो कीं नाहीं, हेंही कानानें पारखावें लागतें.