भाड्याची मोटार आणि व्याह्यांचा मुलूख

मराठवाड्यातील आमच्या वयोवृद्ध वाचकांस हैदराबादची ओळख करून देण्याचे कारण नाही. ज्यांचा जन्म १९४८ च्या अगोदरचा, ते सारे निजामाचे प्रजाजन म्हणूनच जन्मास आले. मुंबई इलाख्यातून या मुलुखात यावयाचे म्हणजे करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडे सोडून दाखवावे लागे. इंग्रजी कलदार रुपया निराळा आणि येथील हाली रुपया निराळा. सहा कलदारांस सात हाली असा साधारण भाव. टपालाची तिकिटे वेगळी, आगगाडी निजामाची, कचेरीची भाषा उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि आमची तोंडे मुंबई-पुण्याकडे वळली. ज्या शहरातून आमच्या आजोबा-पणजोबांवर हुकूम सुटत, तेच शहर आज त्यांच्या पणतवंडांस परदेशासारखे वाटते, याची प्रचिती गेल्या ऑगस्ट महिन्यात आम्हांस आली.

प्रसंग असा. आमच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याची मुलगी परिचारिका होऊन तिकडील एका रुग्णालयात नोकरीस लागली व तेथेच काम करणाऱ्या एका तेलुगू कॅथॉलिक तरुणाशी विवाह करावा असे तिच्या मनात आले. दोघेही कॅथॉलिक, तेव्हा ख्रिस्तसभेच्या कायद्याची अडचण नव्हती. बाप्तिस्म्याचे दाखले आणि दोन्ही धर्मग्रामांत विवाहाच्या घोषणा, एवढेच. अडचण होती ती वडिलांच्या मनाची. ते आमच्याकडे येऊन म्हणाले, "फादर, पोरगी शिकलेली हाये, अडवून ऐकायची नाही. पण ज्या देशात द्यायची तो देश तरी बघून येऊ. तुम्ही संगं चला." त्यांचा पुतण्या टेम्पो चालवतो, तोही निघाला. मनमाडहून येणाऱ्या अजिंठा एक्सप्रेसने आम्ही तिघे १९१६ साली बांधलेल्या काचीगुड्याच्या देखण्या स्टेशनावर सकाळी उतरलो.

तीन दिवसांत मुलीचे वसतिगृह, मुलाचे घर आणि दोन-तीन ख्रिस्तमंदिरे, तीही शहराच्या चार टोकांस. रिक्षाच्या भाड्याचा हिशेब मांडून पुतण्याने सुचविले की, हल्ली चालकावाचून नुसती मोटारच भाड्याने मिळते, मी चालवीन. आम्हांसही ते पटले. गावाकडच्या वाचकांस हा प्रकार नवा असेल, म्हणून थोडे सांगतो. या धंद्यासाठी केंद्र सरकारची १९८९ सालची योजना आहे व तीनुसार परवाना हवा तर मालकापाशी निदान ५० मोटारी असाव्या लागतात. अशा मोटारीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. चालकासह भाड्याने मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरे काळी. पांढऱ्या पाटीची मोटार म्हणजे खाजगी; ती कोणी भाड्याने देऊ केल्यास घेऊ नये, कारण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. चालविण्याचा परवाना व आधारकार्ड दाखवावे लागते आणि अनामत रक्कम ठेवावी लागते. वेग अधिक झाल्याचा दंड पुढे केव्हातरी मालकाकडे येतो, तो आपल्याच अनामतीतून जातो. आमच्या गावांतील जी मुले आखातात वा अन्यत्र जातात, त्यांनी तर आपल्या आर.टी.ओ.कडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. तो एक वर्ष चालतो. शिवाय अनेक देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, हेही ध्यानी ठेवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मोटार ताब्यात घेताना तिचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. आम्ही तीन बाजूंचे काढले. मागची बाजू भिंतीला लागून उभी होती व आम्हांस घाई होती.

पहिला दिवस आम्ही या मोटारीतून हैदराबाद पाहिले, असे म्हणणे धारिष्ट्याचे होईल. पुतण्याचे डोळे रस्त्यावर, आमचे डोळे फोनवरच्या नकाशावर. एका वळणाला चुकलो ते थेट बाहेरच्या वर्तुळमार्गावर जाऊन पडलो. हा रस्ता १५८ किलोमीटरचा, शहराभोवती प्रदक्षिणा घालणारा. एकदा चढले की पुढची वाट येईपर्यंत उतरण्याची सोय नाही. परत आलो तो मेट्रो रेल्वेच्या खांबांखालून. खांबामागून खांब जात होते. मागे बसलेले वडील बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "फादर, ह्यात गाव कुठं हाये?" आम्हांस उत्तर सुचले नाही.

त्या रात्री वसतिगृहाच्या दारात मुलीला भेटून परतताना त्यांनी मनातली खरी गोष्ट काढली. भाषा, अन्न, अंतर हे सारे निमित्त होते. "तिथं कोणी जात इचारली अन् पोरीला कमी लेखलं, तर मी इतक्या लांबून काय करणार?" सेमिनरीत शिकलेले उत्तर आमच्या जिभेवर होते की, बाप्तिस्म्यात आपण सारे एक झालो. ते उत्तर खरे आहे. परंतु तेलुगू ख्रिस्ती समाजात काय अन् आमच्यात काय, सोयरीक जुळविताना जात पाहिली जाते, हे त्यांस ठाऊक होते आणि आम्हांसही. आम्ही ते उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी काळ्या पाटीची मोटार आम्ही उतरलो होतो तेथेच ठेवली आणि पिवळ्या पाटीची, चालकासह घेतली. पैसे दुप्पट लागले, आणि पुतण्या रुसला. चालक जुन्या शहरातील, साठीच्या पुढचे मुसलमान गृहस्थ. त्यांनी पहिले वाक्य उच्चारताच वडील सावरून बसले. "नक्को", "कायकू", "हौ", "वोइच रस्ता" ही दखनी बोली ते लहानपणी गावच्या बाजारात ऐकत आले होते. यातला नक्को आमचाच, आणि शब्दामागे लागणारा तो 'च' देखील मराठीचा. उत्तरेकडील उर्दूवाले या दखनीला हसतात, पण त्या दिवशी तिनेच आमचे काम केले. काल खांब मोजणारा मनुष्य आज प्रश्नांवर प्रश्न विचारू लागला.

गनफाउंड्री हे नाव कशावरून पडले, हे चालकानेच सांगितले. निजाम अली खानच्या पदरी रेमों नावाचा फ्रेंच सेनानी होता; त्याच्या देखरेखीखाली येथे तोफा ओतल्या जात. १७९८ साली तो वारला. हिंदू त्यास मूसा राम म्हणत, मुसलमान मूसा रहीम, आणि शहरातील मूसारामबाग हा भाग त्याच्याच नावाने ओळखला जातो. तोफांच्या त्या वस्तीतच मिलानहून आलेल्या इटालियन मिशनरींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संत योसेफाचे ख्रिस्तमंदिर बांधले. तेच आज हैदराबाद महाधर्मप्रांताचे कॅथीड्रल होय. आम्ही आत जाऊन जपमाळेचे एक दशक म्हटले. बाहेर पायऱ्यांवर आम्ही वडिलांस सांगितले की, येथील आर्चबिशप अँथनी पूला यांस २७ ऑगस्ट २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कार्डिनल केले. तेलुगू भाषकांतून आणि दलित समाजातून कार्डिनल झालेले ते पहिलेच. वडिलांनी थोडा वेळ कॅथीड्रलच्या मनोऱ्यांकडे पाहिले आणि विचारले, "त्यांच्या हातनं मिस्सा समदे घेत्यात?" घेतात, असे आम्ही सांगितले. "रांगेत उभं राहून?" रांगेत उभे राहून.

चारमिनार वाटेवरूनच पाहिला. १५९१ सालचा, सर्वांस चित्रातून माहीत असलेला. मुसी नदीच्या काठी मात्र चालकाने मोटार थांबविली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी या नदीला असा पूर आला की हजारो माणसे वाहून गेली. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात चिंचेचे एक जुने झाड आहे. त्याच्या फांद्यांना धरून सुमारे १५० माणसे जगली, असे सांगतात. पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने नदीला आवर घालण्याचे काम निघाले आणि १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर हे तलाव पुरे झाले. वडिलांनी त्या झाडाखाली उभे राहून बुंधा हाताने चाचपला. तेलुगूत चिंचेला चिंत म्हणतात, हे कळल्यावर ते प्रथमच हसले.

दुपारी सिकंदराबादेस सेंट मेरीज बॅसिलिकेत गेलो. आयरिश मिशनरी डॅनियल मर्फी यांच्या खटपटीने १८५० साली पूर्ण झालेले हे मंदिर २००८ साली बॅसिलिका ठरले. मुलाचे घर तेथून जवळच, एका अरुंद बोळात. वडील नाहीत, आई आणि मामा. भिंतीवर येशूहृदयाची तसबीर, तिच्याखाली दिवा, अगदी आपल्या घरांतल्यासारखा. आईस तेलुगूवाचून दुसरी भाषा येत नव्हती आणि आमच्या पाहुण्यांस मराठीवाचून. चालकास आम्ही चहासाठी आत बोलाविले होते, तोच दुभाष्या झाला.

पाचदहा मिनिटे पाऊसपाण्याचे बोलणे झाले. मग वडिलांनी एकदम कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आम्ही मातंग. चालत असंल तर आत्ताच सांगा, पोरीला मागून बोल नको." चालक क्षणभर घोटाळला, आमच्याकडे पाहू लागला, आम्ही मान हलविली. त्याने हळू आवाजात तेलुगूत सांगितले. बाईंनी ऐकले आणि मोजके दोनच शब्द बोलल्या. चालक म्हणाला, "बोल्ते, हमबी मादिगाच हैं. तुमकू चल्ता क्या?"

मातंग आणि मादिगा हे बोलीचे अंतर. काम, हाल आणि अवहेलना एकच. वडिलांनी दोन्ही हात जोडले. त्या बाईही उठून उभ्या राहिल्या. मुलामुलींनी एकमेकांस ही गोष्ट कधी विचारलीही नव्हती, असे आम्हांस नंतर कळले. सोयरीक जुळली याचा आम्हांस आनंद झाला. परंतु ती बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर जुळली की त्या दोन शब्दांवर, हा प्रश्न धर्मगुरू म्हणून आम्हांस टोचत राहिला, तो अजून टोचतो आहे.

तिसऱ्या दिवशी मोटार परत करावयास गेलो. तेथील मनुष्याने मागच्या बंपरवरील ओरखडा दाखवून अनामतीतून १५०० रुपये कापले. पुतण्या संतापला, ओरखडा जुना होता याची त्यास खात्री होती, आमचीही होती. पण फोटो तीनच बाजूंचे. वडिलांनी पुतण्याला दंडाला धरून बाहेर आणले आणि पैसे आपण देऊ म्हणाले. आम्ही दिले नाहीत ते त्यांना देऊ. चूक आमच्या घाईची होती.

परतीच्या गाडीत तारखेचा विचार निघाला. डिसेंबरात आगमनकाळ, शिवाय कापसाची वेचणी; पुढे राखेच्या बुधवारापासून उपवासकाळ. तेव्हा तीन राजांच्या सणानंतरचा जानेवारीचा एखादा शनिवार ठरला. वऱ्हाडाची चाळीस माणसे काचीगुड्याहून सिकंदराबादेस कशी न्यावयाची, याची पुतण्या बोटांवर आकडेमोड करू लागला. वडील वरच्या बाकावर चढता चढता म्हणाले, "फादर, त्या गाडीवाल्या चाचांचा नंबर तुमच्यापाशी हाये ना? त्यांनाच सांगा. अन् पत्रिका पण द्यायची त्यांना."