तबकडीतला ऑपेरा, भाग 6 : संगीतकार खोलीत हजर असताना

मागच्या आठवड्यात आपण कारूझोची 1902ची पदं ऐकली. एक गायक, एक पियानो, एकेक सुटं पद. आज शहर तेच, मिलान, पण पाच वर्षं पुढे जायचं आहे. 1907मध्ये ग्रामोफोन कंपनीने तिथे रुज्जेरो लिओनकाव्हालोचा ‘पाल्याच्ची’ हा ऑपेरा जवळजवळ अथपासून इतिपर्यंत मुद्रित केला. एकल पदं, युगुलगीतं, गावकऱ्यांचा कल्लोळ, वाद्यवृंद, सगळं त्यात आलं. संचालन कार्लो सबाय्नो यांचं होतं आणि देखरेख खुद्द लिओनकाव्हालोची. आख्खा ऑपेरा मुद्रित करण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. व्हर्दी 1901मध्ये वारला, त्याच्या देखरेखीखाली असं काही होऊ शकलं नाही. लिओनकाव्हालो त्या मानाने भाग्यवान. त्याला या यंत्राची गोडीही होती. 1904मध्ये त्याने ‘मात्तिनाता’ हे गाणं याच कंपनीसाठी लिहिलं आणि कारूझो ते गात असताना पियानोवर तो स्वतः बसला.

ऑपेराची गोष्ट थोडक्यात अशी. इटलीच्या दक्षिणेला, कालाब्रियातल्या एका गावात, 15 ऑगस्टच्या सणाला फिरती नाटकमंडळी येते. मंडळीचा मालक कानियो, त्याची बायको नेद्दा, तिच्यावर डोळा असलेला कुबडा तोनियो आणि तिचा प्रियकर, गावातला सिल्व्हियो. नवऱ्याला फसवणाऱ्या बायकोचं हलकंफुलकं नाटक त्या रात्री करायचं असतं. नेमकं तेच आपल्या घरात घडतंय हे कानियोला दुपारी कळतं. रात्री नाटक करता करता तो भूमिकेतून बाहेर पडतो आणि प्रेक्षकांसमोर दोघांनाही भोसकतो. लिओनकाव्हालोचे वडील कालाब्रियात न्यायाधीश होते. 1865मध्ये तिथल्या मोंताल्तो उफ्फूगो गावात झालेल्या एका खुनावरून हे कथानक आपल्याला सुचलं, असं तो सांगे. ऑपेराचा पहिला प्रयोग 21 मे 1892 रोजी मिलानच्या दाल व्हेर्मे नाट्यगृहात झाला. संचालक होता पंचविशीतला तोस्कानीनी. म्हणजे हे मुद्रण झालं तेव्हा ऑपेरा अवघा पंधरा वर्षांचा होता. ही मंडळी जुना ठेवा म्हणून तो गात नव्हती, त्यांच्या काळाचं ते चालू नाटक होतं.

आता ऐकण्याकडे वळू. मी हे मुद्रण पहिल्यांदा लावलं तेव्हा दुसऱ्या तबकडीनंतर बंद केलं. खरखर, चिरका वाद्यवृंद, दूर कुठेतरी विहिरीत गात असल्यासारखा कोरस. वर्षभराने पुन्हा लावलं तेव्हा त्या खोलीत काय चाललं होतं ते वाचून झालं होतं, आणि तेच मुद्रण निराळं ऐकू आलं. म्हणून ती खोली आधी डोळ्यांसमोर आणा.

मायक्रोफोन नाही, वीज नाही. भिंतीतून एक मोठा कर्णा पुढे आलेला. त्याच्या निमुळत्या टोकाशी पडदा आणि सुई, सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. गायकाने कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून गायचं आणि वरचा जोरकस सूर आला की मागे सरकायचं, नाहीतर सुई उडते. व्हायोलिनच्या लाकडी पोटातून निघणारा नाद कर्ण्यापर्यंत पोहोचत नसे, म्हणून लाकडाऐवजी पत्र्याचा कर्णा बसवलेली श्ट्रोह व्हायोलिनं त्या काळी वापरत. डबल बासचं काम बहुधा ट्युबा करी. खालचा खर्ज आणि वरचं तेज दोन्ही गळून मधला पट्टा तेवढा उरे. मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार मिनिटं मावत. चूक झाली तर ती बाजू पहिल्यापासून. मेण वाजवून पाहावं तर ते खराब होई, त्यामुळे कसं झालं हेही लगेच कळत नसे. सव्वा तासाचा ऑपेरा या माणसांनी असा चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत गायला.

आपल्या जुन्या तबकड्याही याच घराण्यातल्या आहेत. कारूझोला कर्ण्यासमोर उभं करणारा फ्रेड गाइसबर्ग 1902च्या अखेरीस कोलकात्यात गौहरजानचं गाणं मुद्रित करत होता. भाऊराव कोल्हटकर त्याआधीच, 1901मध्ये गेले. किर्लोस्करांच्या रंगभूमीवरचा तो आवाज म्हणून आपल्याला वर्णनांतच भेटतो. पाल्याच्चीच्या खरखरीबद्दल तक्रार मनात आली की मला भाऊराव आठवतात, आणि तक्रार विरते.

सुरुवात प्रस्तावनेपासून करा. पडदा उघडण्याआधी तोनियो पुढे येऊन प्रेक्षकांशी बोलतो, आपल्या सूत्रधारासारखा. मात्र हा सूत्रधार सांगतो की नटही हाडामांसाची माणसं असतात आणि आज दिसेल ते खरं आहे. गायक आहे फ्रान्चेस्को चिगादा. ‘स’, ‘श’ यांसारखे ऊष्म वर्ण कर्ण्याने गिळले आहेत. तरीही शब्द अंगावर येतात, कारण तो सुरांइतकाच वाक्यांवर जगतो. बोलण्याच्या ओघात लय मागेपुढे होते आणि वाद्यवृंद त्याच्यामागून जातो. दोन सुरांमधली वाट तो उघड ऐकवतो, आपल्या मींडेची आठवण व्हावी इतकी. पुढच्या पिढ्यांनी हे सगळं घासूनपुसून सरळ केलं. मला हा तोटा वाटतो.

नेद्दा आहे बार्सिलोनाची होसेफिना उगेत. तिचा हलका, स्वच्छ गळा पाखरांच्या पदात शोभतो. पण पुढे ती तोनियोला चाबूक मारते, तिथे तिखटपणा कमी पडतो. सिल्व्हियो झालेला एर्नेस्तो बादिनी युगुलगीतात हळुवार आहे.

खरी गंमत दुसऱ्या अंकात आहे. नाटकातल्या नाटकासाठी लिओनकाव्हालोने मुद्दाम जुन्या वळणाचं नाचाचं संगीत लिहिलं, मिनुएट आणि गाव्होत. कर्ण्यापुढचा तुटपुंजा वाद्यवृंद इथे फिट्ट बसतो. गावातल्या फिरत्या मंडळीची वाद्यं अशीच वाजत असतील. मग कानियोचा संयम सुटतो. तिथे संगीतात मोठ्या वाद्यवृंदाची लाट आहे आणि कर्ण्याला ती पेलत नाही. सगळा भार एकट्या गायकावर येतो. हा गायक म्हणजे प्वेर्तो रिकोतल्या पोन्से गावचा आंतोनियो पाओली. पोलादी, सरळ, डगमग नसलेला आवाज. साथ जवळजवळ ऐकू येत नाही आणि तरी तो प्रसंग अंगावर काटा आणतो.

एक सावधगिरी मात्र हवी. संगीतकार हजर होता, म्हणून इथली प्रत्येक लय त्याच्या मनातली, असं मानू नका. चार मिनिटांची मर्यादा त्यालाही होती. एखादा भाग घाईत उरकल्यासारखा वाटला तर ते मेणाचं घड्याळ असू शकतं. उच्चार, मींड, वाक्याची फेक यांना घड्याळाचं बंधन कमी. लिओनकाव्हालोच्या कानाला काय मान्य होतं, याची साक्ष मी तिथे शोधतो.

तबकडीचा वेगही तपासून घ्या. 78 हा आकडा तेव्हा पक्का झालेला नव्हता. 74 फेऱ्यांनी कोरलेली तबकडी 78ने वाजवली तर सूर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो आणि धिप्पाड आवाज पोरगेलासा होतो. पहिल्या अंकाच्या शेवटी कानियो चेहऱ्याला रंग लावताना जे पद गातो, ते स्वरलिपीत ई मायनरमध्ये आहे. हार्मोनियमची पांढरी तीन धरा. षड्ज पांढरी चारवर लागत असेल तर मुद्रण बहुधा वेगाने वाजतंय, ते उतरवून पुन्हा ऐका.

याच पदाचं कारूझोचं वाद्यवृंदासह केलेलं मुद्रणही 1907चंच आहे, अमेरिकेत व्हिक्टर कंपनीने केलेलं. दोन्ही एकापाठोपाठ लावा. कारूझो रडू गिळत गातो, आवाजात मधाळ जडपणा आहे. पाओली रडत नाही, तो संतापलेला आहे. सुटं पद म्हणून कारूझोच श्रेष्ठ, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पुढच्या अंकात हा माणूस खून करणार आहे, हे मला पाओलीच्या गाण्यात आधी कळतं.

पुढच्या आठवड्यात व्हर्दीचा पहिला ओतेल्लो, फ्रान्चेस्को तमान्यो, आणि त्याने 1903मध्ये केलेली मुद्रणं. तोवर पाओलीची तबकडी किमान दोनदा ऐका, दुसऱ्यांदा इटालियन शब्द समोर ठेवून.